आईने हलवलेलं घर

स्वयंपाकघराची मापं घ्यायला ती कुणाच्या घरी गेली की आधी भिंतीकडे बघायचीच नाही, बाईकडे बघायची. "जरा इथे उभ्या राहा. आता कोपर वाकवा. चिरताना सुरी कुठल्या हातात धरता?" बाई गोंधळायची. ही ओट्याचं माप घ्यायला आलीय की ब्लाउजचं, असा चेहरा करायची. पण ओटा कोपराच्या चार बोटं खाली आला तर कंबर धरत नाही, हे हिचं शास्त्र होतं. आणि कपाट कितीही देखणं असो, हात पोचत नसेल तर ते कपाट नव्हेच, हे हिचं मत होतं. एखाद्या घरात पुरुष रांधत असला तर त्यालाही ती तसाच उभा करायची. मग कुठे भिंतीची पाळी यायची. भिंत तीन ठिकाणी मोजायची, खाली, मधे आणि वर, कारण सरळ भिंत म्हणून तिने बावीस वर्षांत एकही पाहिली नव्हती.

ओटे-कपाटं करून देणाऱ्या ज्या दुकानात ती कामाला होती, तिथे तिला सगळे मापताई म्हणत. वय एक्केचाळीस, उंची बेताची, पर्समध्ये पैशांपेक्षा टेप जास्त. लग्न झालं होतं आणि तीन वर्षांत मोडलंही होतं. त्याबद्दल कुणी विचारलंच तर "घाईत माप घ्यायचं राहिलं" एवढंच सांगून ती विषय मिटवायची.

दुकानात तिचं काम मापं लिहून देण्यापुरतं. नकाशा काढायचा मालकाच्या पुतण्याने. त्याला चौकोन छान यायचे, पण त्या चौकोनात माणूस उभं राहणार आहे हे त्याच्या खिजगणतीतही नसायचं. फ्रिजचं दार ड्रॉवरवर आपटेल, असं मापताईने तीनदा सांगावं, त्याने तीनदा मान डोलवावी, आणि महिन्याने ते दार नेमकं ड्रॉवरवर आपटावं. गिऱ्हाईक येऊन तोंड सोडायचं ते मापताईवर. पुतण्या करून सवरून नामानिराळा. रात्री कधी कधी मापताई जुन्या बिलांच्या पाठीवर तीच स्वयंपाकघरं आपल्या मनासारखी काढून बघायची. ती कुणाला दाखवायची सोय नव्हती, आणि घरात जी एक व्यक्ती होती तिला दिसत नव्हतं.

घरात ती आणि आई, दोघीच. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. काचबिंदूने आईची नजर हळूहळू खाल्ली आणि नऊ वर्षांपूर्वी उरलासुरला उजेडही गेला. आई एकेकाळी त्याच गल्लीत टायपिंगचा क्लास चालवायची. तीस वर्षं तिने पोरींना एकच गोष्ट शिकवली, बोटांकडे बघायचं नाही. त्यामुळे नजर गेल्यावर ती म्हणाली, "चला, आता स्वतःच्या क्लासला बसायचं." आणि खरंच बसली. पलंगापासून स्वयंपाकघर अकरा पावलं. सहाव्या पावलाला डाव्या हाताला टेबलाची कड. फरशीचा एक टवका उडालेला, तो पायाला लागला की वळायचं. मिठाच्या डब्याला रबर, साखरेच्या डब्याला काही नाही. ती काठी घेत नसे, भिंत चाचपत नसे. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस तिच्या हातचा चहा पिऊन, वर राजकारणावर वाद घालून गेला. या बाईला दिसत नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आणि विनोद करायची ती, तेही स्वतःवरच. "आपल्या भाषेत आंधळ्यांसाठी केवढ्या म्हणी करून ठेवल्यात," ती म्हणायची, "एक वाया घालवायची नाही मी." पीठ सांडलं की "आंधळं दळतंय, कुत्रं कुठाय बघ गं." एकाच्या जागी दोन बिस्किटं हाताला लागली की "मागितला एक डोळा." मापताईला यातलं काही आवडायचं नाही, पण हसू यायचंच.

दोन वर्षांपूर्वी मात्र एक गोष्ट घडली. नळ दुरुस्त करायला आलेल्याने आपली हत्यारांची पेटी टेबलाजवळ ठेवली आणि तो खाली वायसर आणायला गेला. आई पातेलं घेऊन आली, सहाव्या पावलाला पेटी. मनगट मोडलं. पातेल्यात गार पाणी होतं म्हणून, नाहीतर काय झालं असतं ते मापताई मनात पूर्ण करायचीही नाही. त्या दिवसापासून तिने घराचा ताबा घेतला. खुर्चीचे चार पाय जिथे टेकतात तिथे फरशीवर नेलपॉलिशचे ठिपके दिले. पाहुणा आला तर त्याची पिशवी तिच्या मांडीवर. या घरात खुर्चीलाही पक्की नोकरी होती आणि बदली कधीच नव्हती. दुकानात कुणी आईची चौकशी केली की ती अभिमानाने सांगायची, "आमच्या घरात आई आंधळी नाही." आणि तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

अशात ते बोलावणं आलं. बसने आठ तासांवरच्या शहरात स्वयंपाकघरांचा मोठा कारखाना होता. तिथल्या व्यवस्थापक बाईंच्या हाती कुणा गिऱ्हाइकाकडून मापताईच्या हातचा मापांचा कागद पडला. कागदाच्या कडेला तिने लिहिलं होतं, "बाईंचा उजवा गुडघा दुखतो, खालचा ड्रॉवर डावीकडे द्यावा." बाईंनी तो कागद आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि फोन केला. जागा होती नकाशे काढण्याची. मापही तिचं, नकाशाही तिचा. राहायला कारखान्याचं घर. "तीन दिवस येऊन बघा तरी," बाई म्हणाल्या.

मापताईने आईला भीत भीत सांगितलं. आईने शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं.

"जा की. बघून ये."

"तू एकटी?"

"खाली पोस्टमनकाका आहेत. बाकी या घरात तू मला पडू कुठे देतेस?"

पोस्टमनकाका म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन. सडेफटिंग, गुडघ्याने टणक आणि पाठीने नाजूक. भाजी, दूध, औषध बघण्याचं त्यांनी कबूल केलं. मापताईने त्यांना एका कागदावर चौदा सूचना लिहून दिल्या. पहिल्या तेरांचा अर्थ एकच होता, काही हलवायचं नाही. चौदावी होती, वाटलं तरी हलवायचं नाही.

मंगळवारी ती गेली. बुधवारी सकाळी तिला एक मोठं पांढरं टेबल मिळालं, वर चांगला दिवा, शेजारी खिडकी. बाईंनी एका घराची मापं पुढे ठेवली आणि त्या निघून गेल्या. कुणी मान डोलवून तिचं ऐकलं न ऐकलं करणार नव्हतं, कारण सांगायचं कुणाला नव्हतंच, काढायचं होतं. दुपारच्या जेवणाची घंटा तिला ऐकू आली नाही. गुरुवारी तिने काढलेला ड्रॉवर खाली यंत्रावर कापून, जोडून झाला. ती खाली गेली, त्याच्यावरून हात फिरवला, उघडला, मिटला. शेजारचा कारागीर म्हणाला, "बरोबर बसलाय ना, ताई?" ती नुसती मान हलवून बाहेर गेली आणि तोंड धुऊन आली. बावीस वर्षं डोक्यात ठेवलेली वस्तू पहिल्यांदा हाताला लागली होती.

रोज संध्याकाळी ती घरी फोन करायची. आई तुटक बोलायची. "बरी आहे. जेवले. ठेव आता, काम आहे." काम कसलं, हे मापताईला कळेना. एकदा मागून खर्रकन आवाज आला.

"काय गं ते?"

"काका बसले खुर्चीवर. वजन वाढलंय त्यांचं."

शुक्रवारी बाईंनी तिला राहायचं घर दाखवायला पाठवलं. तिसरा मजला, उजेड भरपूर, भिंती नुकत्याच रंगवलेल्या. दुसरं कुणी असतं तर खूश झालं असतं. मापताईने पर्समधून टेप काढली. दोन खोल्यांच्या मधे दीड इंचाचा उंबरा. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं. स्वयंपाकघर घराच्या पार दुसऱ्या टोकाला. पलंग ठेवता येईल अशा जागेपासून तिथवर सतरा पावलं आणि दोन वळणं. मग तिने डोळे मिटले आणि स्वतः चालून बघितलं. नवव्या पावलाला उंबऱ्याला ठेचकाळली, तेराव्याला उघड्या दाराची कड कपाळाला लागली. ती तिथेच रिकाम्या फरशीवर बसली. इथे आईला पहिल्यांदा कळेल की आपण आंधळ्या आहोत, असं तिच्या मनात आलं. आणि आणणारी मी असेन. तिला रडू फुटलं. रिकाम्या घरात रडण्याचा आवाज घुमतो, म्हणून तिने ते लवकर आवरलं.

संध्याकाळी तिने बाईंना नाही म्हणून सांगितलं. आईला दिसत नाही, घर बदललं तर ती खचेल, असं सगळं नीट सांगितलं.

"आईंना विचारलंत?" बाई म्हणाल्या.

"विचारायचं काय त्यात? मला माहीत आहे."

"सोमवारी दुपारी बारापर्यंत ही जागा मी कुणाला देत नाही," त्या म्हणाल्या. "त्यानंतर माझ्याही हातात नाही." मापताईने मान हलवली आणि ती शनिवारच्या पहाटेच्या बसला बसली.

आठ तास तिने आईला सांगायचं खोटं घोटून घोटून तयार केलं. काम काही खास नव्हतं. माणसं रुक्ष होती. हवा मानवली नाही. खरं सांगितलं तर आई म्हणणार, माझ्यासाठी सोडलंस, आणि जन्मभर मनाला लावून घेणार. त्यापेक्षा खोटं बरं. दुपारी दोनला तिने जिना चढून, नेहमीसारखं आवाज न करता कुलूप काढलं, नेहमीसारखं न बघता उजवीकडे पाऊल टाकलं, आणि धाडकन तोंडावर आपटली.

"जपून," आतून आईचा आवाज आला. "तिथे आता टेबल आहे."

मापताई जमिनीवरून बघतच राहिली. टेबल दाराशी. कपाट खिडकीच्या बाजूला. पलंग आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत, आणि तोही आडवा. खुर्ची भलत्याच कोपऱ्यात. नेलपॉलिशचे चार ठिपके उघड्या फरशीवर पोरके पडलेले. आणि आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात चहाचा कप घेऊन उभी. कोपराला पट्टी, एक नडगी निळीजांभळी.

"घे," आई म्हणाली आणि सरळ चालत आली. टेबलाला वळसा घालून, पलंगाच्या कडेने, कप न हिंदकळता. लेकीच्या हातात तिने तो दिला. "लागलं का गं?"

मापताईचा आवाज फुटला तो पोस्टमनकाकांवर. काकांना चौदा सूचना लिहून दिल्या होत्या, काका आहेत कुठे, काकांना लाज कशी वाटली नाही.

"काका खाली पाठीला शेक देत पडलेत," आई म्हणाली. "त्यांना बोलू नकोस. ते बिचारे नाहीच म्हणत होते. तुझा कागद छातीशी धरून बसले होते. मी म्हटलं, तुम्ही नाही हलवलं तर मी एकटी ओढते. मग काय करतात?"

"पण का?"

"बस आधी. खुर्ची तुझ्या डावीकडे आहे. तिथे नाही, डावीकडे."

मग आईने सगळं सांगितलं. तू गेलीस, ती म्हणाली, आणि माझ्या मनात आलं, हिला तिथलं आवडलं तर? मग ती मला विचारील, आई, तुला जमेल का? आणि मला ठाऊकच नव्हतं. नऊ वर्षांत मी नवीन जागी गेलेच नाही, तर सांगणार काय? म्हणून बुधवारी सकाळी काकांना बोलावलं. त्यांना म्हटलं, सगळं तुमच्या मनाने लावा, मला सांगू नका कुठे ठेवलं ते. आणि जा घरी.

"पहिला दिवस वाईट गेला," आई म्हणाली. "खोटं कशाला बोलू. दोन कप फोडले. मोरी सापडेना. पलंगावर बसून तासभर रडले, आणि पलंग तरी सापडला म्हणून देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी हे नडगीचं झालं. मग दुपारी डोकं चालायला लागलं. नवीन टाइपरायटर आला की पोरींच्या चुका व्हायच्या, आठवतं? आठवडाभर. मग बोटं आपोआप शिकायची. काल संध्याकाळी एकही धक्का न लागता मी चहा केला. तिसऱ्या दिवशी. तिथे सहा दिवस लागतील, फार तर आठ. त्याला काय जन्म लागणारे? आता सांग, काय म्हणाले तिथे?"

मापताईने चहाचा घोट घेतला. घोटून ठेवलेलं तयारच होतं. "काही खास नाही गं. काम आपलं तेच. माणसंही जरा रुक्षच."

आईने मान तिरकी करून ऐकलं. चाळीस टाइपरायटर एकदम खडखडत असताना कुठल्या पोरीने चुकीची कळ दाबली ते आवाजावरून सांगणारी बाई होती ती.

"चुकलं," आई म्हणाली, वर्गात म्हणायची तसं. "पुन्हा सांग."

मग मापताईला खरं सांगावं लागलं. पांढरं टेबल, ड्रॉवर, कारागीर. सांगताना तिचा आवाज कसा होत होता ते तिला कळत नव्हतं, आईला कळत होतं. "आणि मी नाही म्हणून आले," ती शेवटी म्हणाली.

"का?"

"तुझ्यामुळे." मग घाईने, "म्हणजे, तुझ्यासाठी."

"पहिलं बोललीस तेच खरं."

"आई, तिथे सतरा पावलं आहेत. दोन वळणं. मधे दीड इंचाचा उंबरा."

"मग? मला सतरापर्यंत मोजता येतं."

"थट्टा करू नकोस. तू पडली होतीस. तुझं मनगट लोंबत होतं, मी पाहिलंय. मला रात्री अजून पातेलं पडल्याचा आवाज येतो."

आईने हात पुढे केला आणि लेकीचा गुडघा शोधून त्यावर ठेवला. बोलली मात्र कडक. "पडले होते. हाड मोडलं, जुळलं. पण त्या दिवसापासून तू या घराला खिळे ठोकलेस. मी म्हटलं, पोर घाबरलीय, असू दे. आणि मलाही ते सोयीचं पडलं, हेही खरं. पण म्हणून तू परगावी जाऊन माझ्या डोळ्यांच्या नावावर नकार देऊन येशील? तुला जायचं नसेल तर खुशाल जाऊ नकोस, तुला कुणी ढकलत नाही. सांग त्यांना, मला भीती वाटते, मला जमणार नाही, मला माझं दुकान आवडतं. काय वाटेल ते कारण दे, पण तुझं दे. माझे डोळे गेले ते गेले. त्यांना आणखी कामाला लावू नकोस."

"मी सगळ्यांना सांगते, या घरात माझी आई आंधळी नाही," मापताई म्हणाली.

"सांगतेस. फोनवर बोलतेस तेव्हा ऐकते मी. बाळ, मी आंधळीच आहे गं. या घरात ते फक्त तुला दिसत नाही." "मी खाली रस्त्यावर शेवटची कधी उतरले, सांग बघू."

मापताई आठवू लागली. "डॉक्टरांकडे गेलो होतो तेव्हा."

"त्याला चौदा महिने झाले. तेही दारातून गाडीत आणि गाडीतून दारात. तू कामाला जातेस, तुला वाटतं, आई घरात आरामात आहे. आहेच आरामात. पण अकरा पावलं गेलं की माझं जग संपतं. गल्लीत सगळ्या माझ्याच विद्यार्थिनी. एकदा उतरले होते, तू कामावर असताना. तीन दारांतून ऐकू आलं, टायपिंगच्या बाई बघा, अरेरे, कशा ताठ चालायच्या. मी परत वर आले ती आलेच. त्या अरेरेला मी भ्याले. तिथे मला कोण ओळखतं? तिथे मी पहिल्या दिवसापासूनच आंधळी बाई. पूर्वी कशी होते हे कुणाला आठवणार नाही, मग कोण हळहळणार?"

हे मापताईला माहीत नव्हतं. एका घरात राहून, घरातला इंच न् इंच मोजून, माहीत नव्हतं. तिने आईच्या हातावर आपला हात ठेवला. खालून काकांच्या कण्हण्याचा आवाज येत होता, थोडा मुद्दाम काढलेला.

"माझं सांगून झालं," आई म्हणाली. "आता तुझं. माझं सगळं बाजूला ठेव. तुला जायचंय का?"

आता बघा, साधा प्रश्न. पण गेल्या पंधरा दिवसांत तो तिला कुणी विचारला नव्हता, आणि तिने स्वतःला तर मुळीच नाही. ती पावलं मोजत बसली होती.

"हो," ती म्हणाली.

"ऐकू आलं नाही."

"हो, आई. मला जायचंय. फार जायचंय. मी तिथे तीन दिवस होते आणि मला एकदाही थकल्यासारखं वाटलं नाही. आणि मला भीती वाटते. एक्केचाळीसाव्या वर्षी नवीन जागी जाऊन नाही जमलं तर? तुझं नाव पुढे केलं म्हणजे ते बघावं लागलं नसतं." एवढं बोलून ती रडायला लागली, अगदी लहान मुलीसारखी, नाक ओढत.

आईने तिचं डोकं जवळ घेतलं. कपाळावरचं टेंगूळ तिच्या बोटांना लागलं. "हे काय आता पडून झालं?"

"नाही. तिथल्या दाराचं. डोळे मिटून चालून बघितलं मी."

"कशी गं वेडी तू," आई म्हणाली, आणि तिचाही आवाज जरा ओला झाला. "मला बोलवायचंस की. मला अनुभव आहे." दोघींना एकदम हसू आलं, आणि मग दोघी पुन्हा थोड्या रडल्या.

रविवारी मापताईने घर पूर्ववत केलं नाही. आईने करू दिलं नाही. दिवसभरात लेक चार ठिकाणी धडकली, आई एकदाही नाही. संध्याकाळी काका कमरेला पट्टा बांधून, जीव मुठीत धरून वर आले. मापताईने त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. मग त्यांना कळलं की दोघी जाणार. ते "उत्तम, उत्तम" म्हणाले आणि लगेच भाजीच्या भावाबद्दल बोलू लागले. जाताना दारात थांबून त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, तिथे खाली कुणी आहे का हो?"

"शोधू की," आई म्हणाली. "पण तुमच्यासारखं कपाट ओढणारं नाही मिळायचं."

काका खाली गेले ते फार हळू गेले. आईने जिन्यावरची त्यांची पावलं शेवटपर्यंत ऐकली आणि मगच दार लावलं.

सोमवारी सकाळी नऊला मापताईने फोन लावला. आई शेजारी बसली होती, केस विंचरून, चांगली साडी नेसून. फोनवर बोलायला साडी कशाला, असं मापताईने विचारलं नाही. तिने बाईंना सांगितलं की मी येते. जरा चाचरत सांगितलं, शुक्रवारी जे बोलले ते चुकलं, मी आईला विचारलंच नव्हतं. बाई खूश झाल्या. मग त्या म्हणाल्या की आईंसाठी घरात जे काही बदल हवेत ते कळवा, तुम्ही यायच्या आत कारागीर पाठवून करून घेते. मापताईच्या समोर यादी लिहून तयार होती. उंबरा काढायचा, न्हाणीघराचं दार आत उघडणारं करायचं, भिंतीला कठडा बसवायचा. ती वाचायला लागणार तेवढ्यात आईने हात पुढे केला.

"दे इकडे."

मापताईने फोन तिच्या हातात दिला. आईने तो कानाला लावला, पाठ सरळ केली आणि घसा साफ केला.

"नमस्कार. मी तिची आई बोलतेय. घरातलं राहू दे, ते आमचं आम्ही बघून घेऊ. मला एवढंच सांगा, तिथून खाली रस्त्यावर उतरायला पायऱ्या किती आहेत?"